रंगीत पत्रा निवडताना: रंगाच्या तक्त्याआधी पाहायच्या गोष्टी

छपरासाठी रंगीत पत्रा घ्यायला गेलेले गिऱ्हाईक बहुधा आधी रंगाच्या तक्त्यावर बोट ठेवते आणि मग जाडी विचारते. क्रम उलटा असायला हवा, कारण पत्र्याचे आयुष्य रंगाखालच्या थरांवर ठरते. आत पोलाद, त्याच्या दोन्ही बाजूंना धातूचा मुलामा, त्यावर सुमारे 5 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रायमर आणि बाहेरच्या अंगाला 15 ते 20 मायक्रॉनचा रंग अशी त्याची रचना असते. गंज मुख्यतः मुलामा अडवतो आणि ऊन रंग सोसतो.

मुलामा मुख्यतः दोन प्रकारचा असतो. एक निव्वळ जस्ताचा. दुसरा 55 टक्के अ‍ॅल्युमिनियम, 43.4 टक्के जस्त आणि 1.6 टक्के सिलिकॉन यांच्या मिश्रधातूचा, ज्याला बाजारात गॅल्व्हल्यूम म्हणतात. झेड (जस्त) किंवा एझेड (गॅल्व्हल्यूम) या नावापुढचा आकडा म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला चढवलेले ग्रॅम. झेड 120 म्हणजे एका बाजूला जेमतेम 8 मायक्रॉन जस्त. एझेड 150 मध्ये मिश्रधातू हलका असल्याने तोच थर 20 मायक्रॉनच्या आसपास जातो. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, पावसाळ्यात छपराला वाळायला उसंतच मिळत नाही. तिथे एझेड 150 किंवा झेड 275 पेक्षा कमी घेऊ नये. अथणीकडच्या कोरड्या भागात हलका मुलामा चालून जाईल, पण तिथे उन्हामुळे रंग लवकर फिका पडतो.

गॅल्व्हल्यूम सर्वत्र चांगलाच, असे मात्र नाही. बंदिस्त गोठा किंवा कोंबड्यांची शेड असेल, तर आतल्या अमोनियापुढे हा मुलामा टिकत नाही. तिथे जाड जस्ताचा आणि खालच्या बाजूलाही चांगला रंग असलेला पत्रा घ्यावा. ओल्या सिमेंटशीही गॅल्व्हल्यूमचे जमत नाही. आपल्याकडे कौलांच्या काळापासून छप्पर भिंतीला मिळते तिथला सांधा सिमेंटने लिंपण्याची सवय आहे, ती सोडून पत्र्याचीच वाकवलेली पट्टी बसवावी.

जाडीच्या बाबतीत फसगत सर्वाधिक होते. ‘पॉइंट पाचचा पत्रा’ म्हणजे नुसत्या पोलादाची जाडी की मुलामा आणि रंग धरून एकूण जाडी, हे बिलावर लिहून घ्यावे. माझ्या शेडच्या वेळी हे विचारायचे राहिले, आणि संशय आल्यावर एक पत्रा शेजारच्या गुऱ्हाळातील काट्यावर ठेवला तेव्हा तो साडेतेरा किलोही भरला नाही. हिशेब सोपा आहे: पन्हळी पाडण्याआधी 1220 मिमी रुंद असलेल्या 10 फुटी पत्र्याचे क्षेत्रफळ सुमारे 3.72 चौरस मीटर, आणि 1 मिमी जाडीचे पोलाद दर चौरस मीटरला 7.85 किलो. पोलादच 0.50 मिमी असेल, तर एझेड 150 चा मुलामा आणि रंग धरून वजन सव्वापंधरा किलोंच्या घरात यायला हवे. एकूण जाडी 0.50 असेल, तर ते सव्वातेरावर थांबते. भावातला फरक बहुतेक वेळा या दोन किलोंचाच असतो.

आता रंग. साधे पॉलिएस्टर सर्वांत स्वस्त. सिलिकॉन मिसळलेले पॉलिएस्टर आणि सुपर ड्युरेबल पॉलिएस्टर उन्हात जास्त टिकतात. पीव्हीडीएफ (फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचा रंग) सर्वांत महाग आणि त्याचा रंग सर्वांत सावकाश उतरतो. राहत्या घराला सुपर ड्युरेबल पुरेसे आहे असे माझे मत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीच्या (ओतकाम कारखान्याच्या) छपराला पीव्हीडीएफ लावणे मला पैशाची नासाडी वाटते, कारण लोखंडाची धूळ बसून कोणत्याही रंगावर तांबूस डाग पडणारच; तोच पैसा मुलाम्यात घालावा.

जस्ताच्या रंगीत पत्र्यासाठी आयएस 14246 आणि गॅल्व्हल्यूमच्या रंगीत पत्र्यासाठी आयएस 15965 हे भारतीय मानक आहे. कॉइलचे (ज्या गुंडाळीतून पत्रा कापतात तिचे) चाचणी प्रमाणपत्र मागताना हे क्रमांक सांगावेत.

फॅब्रिकेटरला पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नये. ठिणग्यांनी कडेचा रंग आणि मुलामा जळतो व तिथूनच गंज चढतो. म्हणून पत्राकात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारे यंत्र) वापरायला लावावे. स्क्रू मारताना पडलेला लोखंडी कीस त्याच संध्याकाळी मऊ झाडूने काढून टाकावा, कारण एका रात्रीच्या दवानेही नव्या छपरावर गंजाचे ठिपके उमटतात.