लग्नसराई ते पावसाळा: पुरुषांच्या घड्याळांची तयारी

नवे घड्याळ घ्यायचे मनात आले की बहुतेक जण थेट दुकान गाठतात. त्याआधी घरातला खण उपसावा, हे या तयारीतले पहिले काम. वडिलांचे चावीचे घड्याळ, लग्नात सासरहून आलेले सोनेरी घड्याळ आणि सेल संपल्यापासून बंद पडलेली एक-दोन घड्याळे बहुतेक घरांत निघतातच. त्यांतली बंद घड्याळे आधी घड्याळजीकडे न्यावीत, कारण संपलेला सेल आतच राहिला तर तो गळण्याची भीती असते, त्यातले रसायन यंत्रावर पसरते, आणि जे काम नुसत्या सेलवर भागले असते त्यासाठी अख्खे यंत्र बदलण्याची पाळी येते. खणात चालू स्थितीत काय आहे हे कळले, की काय कमी आहे तेही कळते. माझ्या मते वर्षभराच्या प्रसंगांना तीन घड्याळे पुरेशी आहेत: एक पातळ आणि साधे, एक पाण्याला न भिणारे आणि एक रोजच्या वापराचे. बाकीचा फरक पट्टे बदलून साधता येतो आणि तो खिशालाही परवडतो.

त्यानंतर मनगट मोजावे. शिंप्याची टेप नसेल तर दोरा गुंडाळून तो पट्टीवर धरला तरी चालतो. मनगटाचा घेर १६-१७ सेंटिमीटर असेल, तर ३६ ते ४० मिलिमीटर व्यासाचे घड्याळ हातावर नीट बसते. ४४ मिलिमीटरचे घड्याळ दुकानाच्या काचेखाली रुबाबदार दिसले, तरी अशा हातावर पट्टा अडकवायची त्याची दोन्ही टोके मनगटाच्या कडेबाहेर येतात, आणि मग ते कितीही महागाचे असो, मागून आणल्यासारखे वाटते. म्हणून व्यासाबरोबरच वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबीही विचारावी. पट्टा जिथे बसतो त्या जागेची रुंदी मोजून मोबाइलमध्ये टिपून ठेवावी. ती बहुधा १८, २० किंवा २२ मिलिमीटर असते, आणि घड्याळे एकाच रुंदीची घेतली तर एकाचा पट्टा दुसऱ्याला लावता येतो.

कचेरीच्या घड्याळात जाडी महत्त्वाची. पूर्ण बाहीच्या शर्टाचे बटण लावल्यावर कफ घड्याळावरून सहज सरकला पाहिजे. जाडी १० मिलिमीटरच्या आत असेल तर तो सरकतो. त्याहून जाड घड्याळावर अडतो आणि काही महिन्यांत कफची कड विरते. २००२ साली आलेले टायटन एज अवघे ३.५ मिलिमीटर जाड होते, यावरून सेलवरचे घड्याळ किती पातळ होऊ शकते याची कल्पना यावी. मुंबई, ठाणे किंवा पणजीकडे राहणाऱ्यांनी रोजच्या घड्याळाला चामडी पट्टा लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लोकलच्या गर्दीत कडी धरून उभे राहिले की घाम मनगटावरून कोपराकडे ओघळतो, चामड्यात मुरतो, आणि पट्ट्याला असा कुबट वास लागतो की तो पुढे जात नाही. तिथे स्टीलची चेनच बरी. मुलाखतीला जाताना स्मार्टवॉच काढून ठेवावे, निदान त्यावरच्या सूचना तरी बंद कराव्यात. समोरचा बोलत असताना मनगट थरथरले आणि नजर खाली गेली, की आपल्याला घाई आहे असाच समज होतो. परीक्षेचे नियम वेगळे: नीटला कोणतेच घड्याळ चालत नाही, तर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला साधे घड्याळ चालते पण स्मार्टवॉच चालत नाही. तेव्हा त्या-त्या परीक्षेच्या सूचना वाचूनच ठरवावे.

सर्वांत जास्त विचार करावा लागतो तो लग्नाच्या वेळी. हळदीला घड्याळ घालूच नये. तेलात कालवलेली हळद चेनच्या कड्यांमध्ये शिरते आणि जुन्या टूथब्रशने घासल्याशिवाय निघत नाही; फिक्या रंगाच्या चामडी पट्ट्यावर तिचा डाग पडला, तर तो पट्टा गेलाच असे समजावे. सोवळे नेसून करायच्या विधींना चामडे चालत नाही, त्यामुळे देवकाला बसणाऱ्या वडिलांनी आणि नवरदेवाने चेनचे घड्याळ घालावे, किंवा सरळ काढून एखाद्या जबाबदार भावाकडे द्यावे. ज्या हाताला कंकण बांधतात तो हात मोकळा ठेवावा. मंगलाष्टकांच्या वेळी नवरदेवाला घड्याळाची गरज नसतेच. ती असते मुहूर्त सांभाळणाऱ्या काकांना किंवा मामांना. चावीचे घड्याळ दिवसाकाठी अर्धा मिनिट मागेपुढे होऊ शकते, तर सेलवरचे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याभरात साधारण १५-२० सेकंदच चुकते. म्हणून त्या माणसाच्या हातात क्वार्ट्झच असावे आणि सकाळीच ते मोबाइलच्या वेळेशी जुळवून घेतलेले असावे. पत्रिकेत मुहूर्त मिनिटासकट छापायचा आणि अंतरपाट धरताना तिघांच्या हातांवर तीन वेळा असायच्या, यात काही अर्थ नाही.

स्वागत समारंभाला सूट किंवा बंदगळा असेल, तर पातळ घड्याळ, साधी तबकडी आणि बुटांच्या रंगाचा चामडी पट्टा एवढे पाहिले की झाले. शेरवानीच्या बाह्या मनगटाशी तंग असतात, म्हणून शिंप्याकडे शेवटचे माप देताना घड्याळ हातात घालूनच जावे. सोन्याचे पाणी दिलेले घड्याळ समारंभापुरते ठेवावे. उन्हाळ्याच्या घामात ते रोज वापरले तर मुलामा कडांवरून उडू लागतो.

तरीही घरच्या लग्नात मी कोणत्याही नव्या घड्याळापेक्षा वडिलांच्या एचएमटीला झुकते माप देईन. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. त्यांचे ‘जनता’ हे चावीचे घड्याळ जेमतेम ३५ मिलिमीटरचे, त्यामुळे बंदगळ्याच्या बाहीखाली ते अगदी बेताचे दिसते. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आता सुटे भाग बहुधा दुसऱ्या जुन्या घड्याळांतून काढावे लागतात, म्हणून साफसफाई आणि तेल देण्यासाठी ते निदान महिनाभर आधी घड्याळजीकडे द्यावे. घरात नाही म्हणून जुने एचएमटी विकत घेणार असाल, तर तबकडी भिंगाखाली पाहावी. पुन्हा रंगवलेल्या तबकड्या बाजारात भरपूर आहेत आणि त्यांवरची अक्षरे जाड, वेडीवाकडी किंवा मिनिटांच्या रेघांवर चढलेली असतात. समारंभाच्या सकाळी चावी हाताला जड लागेपर्यंतच भरावी, पुढे जोर करू नये. तारखेचे घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख हाताने पुढे सरकवू नये, कारण त्या वेळी तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात आणि दाता मोडू शकतो.

खेळाचे आणि भटकंतीचे घड्याळ वेगळेच असावे लागते. भारतातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा पोलो खेळताना फुटत, म्हणून १९३१ साली तबकडी उलटी फिरवून झाकता येणारे ‘रिव्हर्सो’ तयार झाले, असा त्याचा इतिहास सांगतात. आज ते काम कॅसिओचे १९८३ पासूनचे जी-शॉक कितीतरी स्वस्तात करते, आणि राजमाचीच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या पावसाळी वाटेवर त्याहून बरे काही मला दिसत नाही.

मागच्या झाकणावरचे मीटरचे आकडे शब्दशः घेऊ नयेत. ते स्थिर पाण्यातल्या दाबाच्या चाचणीचे असतात. ३० मीटर लिहिलेले घड्याळ हात धुताना उडणारे शिंतोडे सोसते, पण मुसळधार पावसातल्या ट्रेकच्या भरवशाचे नसते. ५० मीटरवाले थोडेफार पोहण्यापुरते चालते, नेहमी पोहणाऱ्याने १०० मीटर पाहावे, आणि तारकर्लीला पाण्याखाली उतरायचे असेल तर २०० मीटरचेच घ्यावे. पाण्यात असताना बटणे दाबू नयेत आणि चावी ओढू नये. आतला रबराचा गोल कालांतराने कडक होतो, म्हणून पोहण्याच्या घड्याळाचा सेल बदलताना तोही बदलून घ्यावा. रस्त्यावरच्या टपरीत झाकण उघडून सेल टाकला, की आधीच्या आकड्याचा भरवसा संपतो. पट्टा रबराचा किंवा नायलॉनचा असावा. समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुऊन पुसावे.

अंत्यदर्शनाला किंवा भेटायला जाताना साधे घड्याळ घालावे आणि गजर व तासाचा टोला बंद असल्याची घरूनच खात्री करून घ्यावी.

जून लागण्यापूर्वी चामडी पट्ट्यांची घड्याळे कोरडी पुसून सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवावीत, नाहीतर कोकणच्या हवेत गणपतीपर्यंत पट्ट्यावर बुरशी चढते. काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली, तर घड्याळ तांदळात पुरण्याच्या किंवा उन्हात तापवण्याच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी घड्याळजीकडे न्यावे. यंत्राच्या बारीक भागांना गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.