इंदूर विमानतळावरून हॉटेलपर्यंत वाजवी भाड्यात कसे पोहोचावे

इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहराच्या पश्चिमेला, जवळजवळ वस्तीला लागूनच आहे. राजवाडा तेथून साधारण ८ किलोमीटर, रेल्वे स्थानक आणि सरवटे बसस्थानकाचा भाग त्याहून थोडा पुढे, तर विजयनगर १४-१५ किलोमीटरवर येते. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना ही अंतरे ठाऊक नसतात. आपल्या शहरात विमानतळावरून घरी जायला जे भाडे पडते त्याच अंदाजाने ते इथेही मान डोलावतात आणि जास्तीचे पैसे बहुतेक वेळा तिथेच जातात. त्यासाठी टॅक्सीवाल्याला फार हुशारी करावी लागत नाही. पाहुण्याला अंतर माहीत नाही, एवढे त्याला पुरते.

म्हणून पहिले काम घरूनच करून निघावे. हॉटेलचा पूर्ण पत्ता, जवळची ठळक खूण आणि हॉटेलचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, कारण उतरल्यावर नेमकी मोबाइलची बॅटरी संपलेली असते. एकाच नावाची दोन हॉटेले शहरात असू शकतात आणि त्यांतले एक सरवट्याजवळ व दुसरे बायपासवर असले, तर भाड्यात मोठा फरक पडतो. आदल्या दिवशी, आपले विमान ज्या सुमारास उतरणार त्याच सुमारास, ओला, उबर किंवा रॅपिडो यांपैकी दोन ॲपमध्ये विमानतळ ते हॉटेल असे टाकून भाडे पाहावे आणि स्क्रीनशॉट काढून ठेवावा. दुसऱ्या दिवशी कोणीही कोणताही आकडा सांगितला, तरी तो याच्याशी ताडून पाहता येतो.

रस्त्याचीही थोडी कल्पना असावी. राजवाडा, सियागंज, छोटी ग्वालटोली या बाजूला जाणारी गाडी एअरपोर्ट रोडने कालानीनगर आणि बडा गणपतीवरून शहरात शिरते. विजयनगरकडे जाणारी गाडी मात्र बहुधा सुपर कॉरिडॉरने लवकुश चौक, एमआर-१० आणि बापट चौक अशी बाहेरून फिरून येते. हा रस्ता दिसायला लांबचा वाटला, तरी संध्याकाळी शहरातून जाण्यापेक्षा तोच लवकर पोहोचवतो, त्यामुळे चालक त्या बाजूला वळला म्हणून लगेच संशय घेऊ नये. उलट राजवाड्याला जायचे असताना गाडी सुपर कॉरिडॉरला लागली, तर कारण अवश्य विचारावे.

विमान उतरल्यावर सामान घेऊन थेट दाराबाहेर न जाता आतल्या आसनावर पाच मिनिटे बसावे आणि कशाने जायचे ते तिथेच ठरवावे. बाहेर पडताच 'टॅक्सी, टॅक्सी' करीत चार जण पुढे येतात आणि त्या गलबल्यात विचार करणे अवघड होते. प्रीपेड टॅक्सीचा पर्याय घेतल्यास पैसे काउंटरवरच भरावेत, पावतीवर गाडीचा क्रमांक व उतरण्याचे ठिकाण लिहिलेले आहे का ते पाहावे आणि चालकाची प्रत हॉटेलच्या दारात उतरल्यावरच त्याच्या हाती द्यावी. ती पावती दाखवल्यावर त्याला त्याचे पैसे मिळत असतात, म्हणून ती हातातून गेल्यावर आपली बाजू लंगडी पडते. ज्येष्ठ मंडळी, मोठे सामान किंवा मध्यरात्रीचे विमान असेल, तर चार पैसे जास्त पडले तरी मी प्रीपेडच सुचवीन.

ॲपवरून गाडी मागवली तर एक संवाद जवळजवळ ठरलेला असतो. चालकाचा फोन येतो, "भिया, कां जाना हे? ऐप में कित्ता बता रिया हे?" आपण आकडा सांगितला की पुढचे वाक्य येते, "कैंसल कर दो, वैसे ही छोड़ देंगे, पचास ज्यादा दे देना." बोलण्यात गोडवा असतो, इंदूरचा माणूस भांडतोही गोड भाषेतच, पण हा व्यवहार आपल्या तोट्याचा आहे. राइड रद्द केली की प्रवासाची नोंद राहत नाही, घरच्यांना मार्ग पाठवता येत नाही आणि वाद झाला तर दाद मागायला जागा उरत नाही. अशा वेळी "जो ऐप में हे वोई देंगे" एवढेच शांतपणे सांगावे. चालक तयार नसेल तर राइड त्यालाच रद्द करू द्यावी, म्हणजे रद्द करण्याचा आकार आपल्या माथी बसत नाही. ओटीपी फोनवर कधीही सांगू नये. गाडीचा क्रमांक आणि चालकाचा चेहरा ॲपशी जुळल्यावर, गाडीत बसून मगच सांगावा. नंबर प्लेटही पाहून घ्यावी. प्रवासी टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात, विजेवर चालणाऱ्या टॅक्सीची पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी मोटार घेऊन कोणी "अपनी ही टैक्सी हे" म्हणत असेल, तर त्यात बसू नये.

ॲपवर अचानक भाडे वाढलेले दिसले म्हणजे फसवणूकच झाली असे नाही. केंद्र सरकारच्या जुलै २०२५ मधील मार्गदर्शक सूचनांनी गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत आकारणीची मुभा दिलेली आहे. दोन-तीन विमाने लागोपाठ उतरली की भाडे चढते आणि गर्दी पांगली की उतरते, त्यामुळे घाई नसेल तर चहा घेऊन पुन्हा पाहावे. मात्र भाड्याच्या तपशिलात विमानतळाचा किंवा पार्किंगचा आकार आधीच धरलेला असेल, तर उतरताना चालकाने त्याच नावाने वेगळे पैसे मागणे गैर आहे. अशा वेळी स्क्रीनवरचा तपशील त्याच्यासमोर उघडून दाखवावा. वाद बहुधा तिथेच मिटतो.

भाड्यापेक्षा मोठा चटका बसतो तो हॉटेल बदलण्याच्या सल्ल्याने. चालक वाटेत सहज विचारतो की बुकिंग कुठे आहे, आणि नाव ऐकून सांगतो की ते हॉटेल बंद पडले आहे, तिथे काम चालू आहे किंवा तिथे कुटुंबासह राहण्यासारखे नाही. त्याच्या ओळखीच्या हॉटेलात खोलीचा दर चढा असतो, कारण त्यात त्याचे कमिशन धरलेले असते. म्हणजे टॅक्सीचे भाडे अगदी रास्त असूनही पाहुणा रोज जास्तीचे पैसे भरत राहतो. यावर उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी हॉटेलला फोन करून "आम्ही विमानतळावरून निघतो आहोत" असे कळवावे, आणि चालकाने काही सांगितलेच तर त्याच्या देखत पुन्हा फोन लावावा. हा क्रमांक बुकिंगच्या कागदावरचा असावा. आयत्या वेळी इंटरनेटवर शोधलेला क्रमांक खोटा असू शकतो.

स्वस्तात जायचे असेल आणि पाठीवर एखादीच पिशवी असेल, तर मुख्य रस्त्यावर येऊन सिटी बस किंवा रिक्षा पाहावी. रिक्षाचे भाडे बसण्यापूर्वी पूर्ण ठरवावे आणि ते सगळ्यांचे मिळून आहे की माणशी, हे स्पष्ट विचारावे. "साठ रुपये" कबूल करून तिघांचे एकशे ऐंशी मोजण्याची वेळ यामुळेच येते. मेट्रोचा ३१ मे २०२५ रोजी सुरू झालेला पहिला टप्पा गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर ३ एवढाच आहे, त्यामुळे राजवाडा किंवा स्थानकाकडच्या हॉटेलसाठी त्याच्यावर विसंबू नये.

राजवाडा आणि सराफ्याच्या आसपास हॉटेल घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सराफ्यात रात्री खाण्याची गर्दी उसळते आणि मोटार गल्लीच्या तोंडाशीच थांबते. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीला तर या भागातले रस्ते वाहनांसाठी बंदच असतात. अशा दिवशी चालक अलीकडेच उतरवतो, त्यात त्याची लबाडी नसते. तरीही "शेवटपर्यंत सोडतो, शंभर द्या" ही मागणी मान्य करण्यापूर्वी हॉटेलला फोन करून कोणता रस्ता उघडा आहे ते विचारावे, आणि शक्य असेल तर सामान न्यायला त्यांचा माणूस बोलवावा.

पैसे देताना दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा जवळ असाव्यात, कारण पाचशेची नोट काढली की "छुट्टे नी हे" हे उत्तर ठरलेले आहे. यूपीआयने देताना स्क्रीनवर उमटलेले नाव चालकाला वाचून दाखवावे आणि रक्कम स्वतः टाकावी. वाद चिघळला तर गाडीच्या क्रमांकाचा फोटो काढून ॲपमध्ये किंवा प्रीपेड काउंटरवर तक्रार करावी. ग्राहकांसाठी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि धाकदपटशा झाल्यास ११२ लावावा. मात्र सगळ्यात आधी डिकीतले सामान उतरवून घ्यावे. सामान गाडीत असताना घातलेली हुज्जत आपणच हरतो.