विमानतळाच्या शेजाऱ्यांनी काय मागावं, कसं मागावं

नऊ वर्षं मी एका मोठ्या विमानतळाच्या आवाज-तक्रार कक्षात काम केलं. तिथल्या हजारो नोंदींपैकी एक मला अजून पाठ आहे: ‘पहाटे ४:४०. एकसुरी घरघर. आकाशात विमान नाही. २५ मिनिटं.’ लिहिणाऱ्या एक आजी होत्या. आजोबा आजारी, त्यामुळे रात्रभर त्यांच्या उशाशी जाग्या. आम्ही उड्डाणांची यादी बघायचो, ४:४० ला काहीच नसायचं, आणि ‘त्या वेळी एकही उड्डाण नव्हतं’ असं उत्तर पाठवायचो. तीनदा पाठवलं. चौथ्या पत्रानंतर मी स्वतः पहाटे ॲप्रनवर गेले, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवर. एका मालवाहू विमानाच्या शेपटीतलं छोटं इंजिन, एपीयू, चालू होतं. विमान उभं असताना त्यातून वीज आणि हवा घेता येते. शेजारीच जमिनीवरून वीज देणारी जोडणी होती, पण केबल लावण्याचे कष्ट कुणी घेत नव्हतं. केबल लागली आणि आजींच्या वहीतली ४:४० थांबली.

‘आवाज कमी करा’ ही मागणी विमानतळावर कुणाच्याच टेबलावर जात नाही. वेळ, जागा आणि कारण सांगितलंत की ती एका माणसाच्या टेबलावर जाते. विमानतळावरच्या नोकऱ्या शेजाऱ्यांना मिळाव्यात, या मागणीचंही तसंच आहे. शेजाऱ्यांच्या बैठकांना मी आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूने जाते, आणि तिथे सांगते तेच इथे लिहिते आहे.

नोंदवही ठेवा

प्रत्येक घराने लिहायची गरज नाही. वस्तीत जागोजागी मिळून दहा-बारा जणांनी चार आठवडे लिहिलं तरी पुरतं. मिनिटापर्यंत वेळ, विमान उडत होतं, उतरत होतं की आवाज जमिनीवरून येत होता, तुम्ही कुठे होता, नेहमीपेक्षा काय वेगळं वाटलं. वाऱ्याची दिशाही लिहा. विमानं वाऱ्याला तोंड करून उडतात आणि उतरतात. वारा फिरला की धावपट्टीची बाजू बदलते आणि काल शांत असलेली वस्ती आज मार्गाखाली येते. ‘मुद्दाम आमच्यावरून वळवली’ या तक्रारींतल्या बऱ्याचशा वाऱ्याच्या निघायच्या. काही धावपट्टीच्या दुरुस्तीच्या असायच्या, आणि त्या तारखा आधीपासून ठरलेल्या असतात. त्या शेजाऱ्यांना महिनाभर आधी कळवाव्यात ही मागणी पहिल्याच बैठकीत करा, तिला नाही म्हणणं कठीण असतं.

एकच मजकूर शंभर जणांनी पाठवू नका. कक्षात तो एकच तक्रार म्हणून बाजूला पडतो. शंभर वेगळ्या नोंदी मात्र कुणाला तरी बसून तपासाव्या लागतात.

कोणतं काम कुणाचं, हे ओळखा

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, २००१ मध्ये या विषयासाठी एक चौकट स्वीकारली. तिच्यात चार मार्ग आहेत: मुळातच कमी आवाजाची विमानं, विमानतळाभोवतीच्या जमिनीचं नियोजन, उडण्या-उतरण्याच्या पद्धतीतले बदल आणि उड्डाणांवर निर्बंध. निर्बंध हा पहिला उपाय नसावा, असंही त्यात आहे. तुम्ही थेट रात्रीच्या बंदीपासून सुरुवात केलीत की समोरून हेच वाक्य ऐकू येईल. म्हणून आधीच्या तीन मार्गांवर आजवर काय केलं, ते लेखी मागा.

विमानांबद्दल एक उदाहरण सांगते. एअरबस ए३२० कुळातल्या जुन्या विमानांच्या पंखाखाली इंधनटाकीच्या दाबासाठी गोल छिद्रं असतात. उतरताना त्यांवरून हवा गेली की बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखी शीळ वाजते. छिद्रांपुढे एक छोटा धातूचा तुकडा बसवला की ती बंद होते. लुफ्थान्सा या जर्मन विमान कंपनीने २०१४ पासून आपल्या जुन्या विमानांना तो बसवायला घेतला. तुमच्याकडे येणाऱ्या किती विमानांना तो अजून नाही आणि गोंगाट करणाऱ्या विमानांकडून जास्त लँडिंग शुल्क घेतलं जातं का, हे विचारा. शुल्काचा फरक नाममात्र असेल तर कंपन्या तो भरतात आणि तीच विमानं आणतात.

उतरण्याच्या पद्धतीत टप्प्याटप्प्याने न उतरता सलग घसरत येणं खरोखर उपयोगी आहे. मध्ये सपाट उडताना इंजिनाला द्यावा लागणारा जोर त्यात वाचतो. किती टक्के विमानं असं करतात, हा आकडा दरमहा मागा. उतरण्याचा कोन ३ ऐवजी ३.२ अंश करू, असं कुणी मोठ्या समारंभाने सांगितलं तर हिशेब करा: धावपट्टीपासून १० किलोमीटरवर विमान सुमारे ५२५ ऐवजी ५६० मीटर उंचीवर असेल. पस्तीस मीटर. आवाजात साधारण अर्धा डेसिबल, जो कानाला कळत नाही. नको म्हणू नका, पण त्याच्या बदल्यात दुसरं काही सोडूही नका.

जमिनीवरून येणाऱ्या खोल घरघरीला भिंत फारशी अडवत नाही. ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळाजवळच्या लोकांच्या लक्षात आलं की शरद ऋतूत शेतं नांगरली की तो आवाज कमी होतो. त्यावरून तिथे मातीच्या वरंब्यांची एक बाग घडवली गेली, ती २०१३ मध्ये खुली झाली. मला हे उदाहरण फार प्रिय आहे, कारण निरीक्षण शेजाऱ्यांचं होतं.

सरासरीच्या नकाशावर थांबू नका

तुमच्यासमोर रंगीत पट्ट्यांचा नकाशा ठेवतील. तो बहुधा एलडेन या मापाचा असतो: वर्षभराची सरासरी, संध्याकाळच्या आवाजात ५ आणि रात्रीच्या आवाजात १० डेसिबल मिळवून. नियोजनाला तो ठीक आहे. पण उड्डाणं दुप्पट झाली तरी ही सरासरी फक्त ३ डेसिबलने चढते, आणि झोपलेल्या माणसाला उठवतं ते एकेक विमान. म्हणून सोबत दुसरा आकडा मागा: तुमच्या छतावर ७० डेसिबलच्या वर गेलेली विमानं दिवसाला किती आणि रात्री किती. याला एन७० म्हणतात. आजींनासुद्धा तो एका वाक्यात समजला असता. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपसाठीच्या २०१८ च्या मार्गदर्शनात विमानांच्या आवाजाची शिफारस एलडेन ४५ आणि रात्रीसाठी ४० डेसिबलच्या खाली राहण्याची आहे. बहुतेक विमानतळांचे नकाशे याहून बऱ्याच वरच्या आकड्यापाशी थांबतात. खालच्या आकड्यापर्यंतचा नकाशा काढून मागा.

त्यानंतर ठरलेला विसावा मागा. लंडनच्या हीथ्रोवर पश्चिमेचा वारा असतो तेव्हा उतरण्याची धावपट्टी दुपारी ३ वाजता बदलतात, म्हणजे अर्धा दिवस कुणाच्या डोक्यावर शांतता आहे हे आधीच माहीत असतं. फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियोजित उड्डाणं नाहीत. सिडनीत रात्री ११ ते सकाळी ६ बहुतेक विमानांना बंदी आहे आणि तासाला उडणारी-उतरणारी मिळून ८० विमानं ही मर्यादाही. निर्बंध अशक्य आहेत असं कुणी म्हटलं तर ही तीन नावं पुरेशी आहेत.

शाळा आधी

पैसे मर्यादित असतील तर घरांच्या आधी शाळांच्या खिडक्या बदलून घ्या. इथे मी तडजोड करत नाही. १९९२ मध्ये म्युनिकचा जुना विमानतळ बंद होऊन नवा सुरू झाला, तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांची आधी आणि नंतर चाचणी घेतली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि दीर्घकालीन स्मरण मागे पडलं. जुन्या विमानतळाजवळची मुलं त्याच बाबतीत सुधारली. आवाज थांबला की मूल सावरतं, हे कळल्यावर वाट कशाची बघायची?

खिडक्यांच्या करारात यांत्रिक वायुवीजन नक्की लिहून घ्या. दुहेरी काच बंद असली तरच काम करते. खोलीत गुदमरायला लागलं की ती उघडली जाते आणि सगळा खर्च वाया जातो. मी अशा वर्गात उभी राहून बोलले आहे. विमान जाईपर्यंत शिक्षिकेला वाक्य अर्ध्यावर थांबवावं लागत होतं.

नोकऱ्या: करार कंत्राटदारांपर्यंत न्या

विमानतळ चालवणाऱ्या कंपनीकडे स्वतःची माणसं थोडी असतात. सामान, सुरक्षा तपासणी, सफाई, विमानातलं जेवण, मालवाहतूक, दुकानं, ही बहुतेक कामं वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतात. ‘स्थानिकांना प्राधान्य’ असं फक्त विमानतळाने लिहून दिलं तर या कंपन्यांना ते लागू होत नाही. लॉस एंजेलिसमध्ये २००४ साली रहिवासी संघटना, कामगार संघटना आणि इतरांच्या आघाडीने विमानतळाच्या विस्तारावेळी लेखी करार करून घेतला. शाळा-घरांचं ध्वनिरोधन, प्रशिक्षण आणि भरतीत शेजारच्या रहिवाशांना आधी संधी, हे सगळं एकाच कागदावर आलं. तुमच्या करारातही नव्या प्रत्येक कंत्राटाला ही अट जोडलेली असू द्या, आणि दर तीन महिन्यांनी किती शेजारी घेतले, त्यांतले किती अजून कामावर आहेत, हे कंपनीनिहाय मागा.

नोकरी मागणारी वस्तीतली तरुण मुलं कुठे गळतात, तेही सांगते. सुरक्षा पासासाठी पार्श्वभूमी तपासतात. युरोपात मागच्या ५ वर्षांचा हिशेब लागतो, मधल्या रिकाम्या काळासकट. आठवडे जातात, आणि तेवढे दिवस बिनपगारी थांबणं गरजूला परवडत नाही, तो दुसरं काम धरतो. म्हणून कागदपत्रांची तयारी प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून करून घ्यायची आणि तपासणीच्या काळात भत्ता मागायचा.

आणि बस. पहिली पाळी पहाटे चारच्या सुमारास सुरू होते, तेव्हा बहुतेक बस सुरू झालेल्या नसतात. कुंपणाला लागून राहणारी मुलगी गाडी नाही म्हणून नोकरी सोडते, हे मी तीनदा पाहिलं. कराराला पाळ्यांचं वेळापत्रक आणि बसचं वेळापत्रक शेजारी शेजारी जोडा, आणि पहिली बस पहिल्या पाळीच्या अर्धा तास आधी पोचते का, ते तपासूनच सही करा.