पाडव्याच्या संध्याकाळी वसंताच्या कविता कशा वाचाव्यात

गेली बारा वर्षं वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी, पाडव्याच्या संध्याकाळी खळ्यात वीस-पंचवीस माणसं जमतात आणि वसंताच्या कविता वाचतात. ‘ज्याला जे आवडेल ते वाचू दे’ असं हल्ली सगळे सांगतात. ते मुळीच ऐकू नका. तसं सोडलं की कुणीतरी ‘श्रावणमासी’ म्हणतंच. बालकवींची ती कविता मलाही पाठ आहे, पण ती पावसाची. चैत्राच्या उन्हात तिचं काय काम?

सतरंज्या, पन्हं, आंबेडाळ नेहमीचंच. साडेपाचला बसा, माईक नको.

खरं काम ओळ निवडण्याचं. मी तिथेच चुकले होते. एका वर्षी फोनवर आलेल्या चार ओळी एका थोर कवीच्या नावाने वाचल्या. टाळ्या पडल्या. नंतर एक निवृत्त शिक्षक हळूच जवळ आले आणि म्हणाले, “बाई, ह्या ओळी त्यांच्या कुठल्याच संग्रहात नाहीत.” त्या रात्री मला झोप लागली नाही. मेलेल्या कवीच्या तोंडी आपण परक्याचे शब्द घालतो, आणि तो बिचारा ‘नाही’ म्हणायलाही येऊ शकत नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: पुस्तक हातात असेल तरच ओळ वाचायची. रत्नागिरीकडच्यांना तर सबबच नाही, तिथलं नगर वाचनालय 1828 पासूनचं आहे.

पुस्तक मिळालं तरी उघडाल तिथून वाचू नका. कालिदासाचं ‘ऋतुसंहार’ आणून पुष्कळजण पहिला सर्ग काढतात आणि ग्रीष्माची काहिली वाचत बसतात. त्यात वसंत सहावा, अगदी शेवटचा.

मग ओळ घेऊन झाडाखाली जा. ही पायरी कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी हीच. पुस्तकातला वसंत मोहोराने घमघमतो. आपल्याकडे मोहोर थंडीतच येतो, पाडव्याला फांदीवर कैऱ्या लोंबत असतात. मोहोराची कविता हवी तर माघात, वसंतपंचमीला बसा. पाडव्याला कैरी, काजूचे बोंडू, कोकीळ आणि सुरंगी. सुरंगीची फुलं पानांच्या टोकाला शोधू नका. ती जाड फांदीलाच घोसांनी चिकटलेली असतात. शेजारच्या काकी पहाटे कळ्या काढून वळेसर, म्हणजे गजरा, करतात. मी तो मधे ठेवते आणि वाचणाऱ्याला सांगते, हा वास नाकात असताना जी ओळ खोटी वाटेल ती गाळ.

सुरुवात माझ्या मते एकाच जागेवरून करावी. गीतेच्या दहाव्या अध्यायातल्या पस्तिसाव्या श्लोकात ‘ऋतूनां कुसुमाकरः’ आहे. ते संस्कृत म्हणा, पण तिथेच थांबू नका, लगेच ज्ञानेश्वरी घ्या: ‘ऋतूंमाजीं कुसुमाकरु’. आणि इथे गप्प राहा. निवेदन नको, अर्थ सांगणं नको. आमच्याकडे मागच्या ओळीतल्या आजी डोळे मिटून उरलेलं पुरं करतात, ‘वसंतु तो मी’.

त्यानंतर प्रत्येकाने एकच कविता वाचायची. आधी कवीचं नाव, मग कविता. पाडगांवकर वेंगुर्ल्याचेच, त्यामुळे त्यांच्यासाठी आमच्याकडे भांडणं होतात. चिठ्ठ्या टाका.

अंधार पडला की पुस्तकं मिटायची आणि पन्हं वाटायचं.