क्रॅप्सच्या टेबलावर पैसे कुठे लावावेत

गुजरातेत जुगाराला बंदी असली, तरी मुलांना भेटायला अमेरिकेला जाणारी वडोदऱ्यातील मराठी मंडळी लास व्हेगासला हमखास जातात, आणि तिथे क्रॅप्स या दोन फाशांच्या जुगाराचा गोंगाट त्यांना ओढून घेतो. टेबलावर पैजांच्या चौकटी पुष्कळ असल्या, तरी प्रथम ‘पास लाइन’ या मूळ पैजेच्या चौकटीवर टेबलाची किमान रक्कमच लावावी. पहिल्या फेकीत दोन्ही फाशांची बेरीज ७ किंवा ११ आल्यास जिंकता, २, ३ किंवा १२ आल्यास हरता. अन्य कोणताही आकडा ‘पॉइंट’ ठरतो आणि तो ७ च्या आधी पुन्हा पडावा लागतो. या पैजेत कॅसिनोचा वाटा, म्हणजे लावलेल्या रकमेतून सरासरीने त्याच्याकडे राहणारा भाग, सुमारे १.४१ टक्के असतो.

पॉइंट ठरल्यावर पास लाइनच्या मागे ‘ऑड्स’ची, म्हणजे पॉइंट पुन्हा पडेल यावरच्या जादा पैजेची, रक्कम ठेवता येते. तिच्यावर कॅसिनो काहीच वाटा घेत नाही, कारण ४ व १० ला एकास दोन, ५ व ९ ला दोनास तीन आणि ६ व ८ ला पाचास सहा हे भाव शक्यतेइतकेच असतात. म्हणून मूळ पैज लहान आणि ऑड्स, खिशाला झेपेल तितकी, मोठी ठेवावी. मात्र पॉइंट ६ किंवा ८ असल्यास ती पाचाच्या पटीत आणि ५ किंवा ९ असल्यास सम आकड्यात लावावी, नाहीतर जिंकलेल्या रकमेतील सुटे पैसे कापले जातात. ‘एनी सेव्हन’मध्ये, म्हणजे पुढच्याच फेकीत ७ पडेल या पैजेत, कॅसिनोचा हाच वाटा १६.६७ टक्के असल्याने तिकडे फिरकू नये.

जन्माष्टमीच्या तीन पत्तीप्रमाणे हरल्यावर पैज दुप्पट करण्याची सवय येथे अजिबात चालवू नये, कारण फाशांना आधीची फेक आठवत नाही आणि टेबलाला कमाल मर्यादाही असते.