गुरुत्वाकर्षण शिकवताना या चुका टाळा

दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. आपण सफरचंदाची गोष्ट सांगतो, फळ्यावर न्यूटनचं सूत्र (वस्तुमानांच्या गुणाकाराला अंतराच्या वर्गाने भागायचं आणि स्थिरांक G ने गुणायचं) लिहितो आणि लगेच उदाहरणं सोडवायला घेतो. मुलं किमती बरोबर भरतात. पण ‘भागायचं ते अंतराच्या वर्गानेच का? नुसत्या अंतराने का नाही?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. सगळ्यात मोठी चूक माझ्या मते हीच: प्रश्न पडायच्या आधीच आपण उत्तर देऊन टाकतो.

यासाठी एक अख्खा तास चंद्राला द्या. चंद्र सुमारे ३,८४,००० किमीवर, म्हणजे पृथ्वीच्या ६० त्रिज्यांवर, आणि त्याची एक फेरी २७.३ दिवसांची. वेग मुलांनाच काढू दे. सेकंदाला साधारण १०२० मीटर येतो. वेगाच्या वर्गाला अंतराने भागलं की अभिकेंद्री, म्हणजे केंद्राच्या दिशेचं, त्वरण मिळतं, ०.००२७ मी/से². आता जमिनीवरच्या गुरुत्व त्वरणाचे ९.८ घ्या. ६० ने भागले तर ०.१६ येतात, जुळत नाही. ६० च्या वर्गाने, म्हणजे ३६०० ने भागा: ०.००२७! हा भागाकार ज्याने स्वतःच्या वहीत केला, त्याला ‘वर्ग का’ हे पुन्हा समजावावं लागत नाही. एखाद्याचं उत्तर भलतंच आलं, तर दिवसांचे सेकंद किंवा किलोमीटरचे मीटर करायचे राहिलेत का, ते आधी बघा.

केप्लरचे ग्रहगतीचे तीन नियम नुसते पाठ करून घेऊ नका. वर्तुळाकार कक्षा धरून काढलेली मंगळाची जागा आणि टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाच्या नोंदी यांत ८ कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडत होता. पूर्ण चंद्रबिंबाच्या जेमतेम पाव भाग! तेवढ्यासाठी केप्लरने वर्तुळ सोडलं आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ मांडलं. प्रयोगवहीत आकडे ‘जुळवून’ आणणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

‘अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं’ हे वाक्य तर कधी कधी आपल्याच तोंडून निसटतं. अवकाश स्थानक सुमारे ४०० किमी उंचीवर आहे आणि तिथेही गुरुत्व त्वरण ८.७ च्या आसपास असतं. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि स्थानक दोघंही मुक्तपतनात, म्हणजे फक्त गुरुत्वाकर्षणाखाली एकत्र पडत, असतात. हेच उदाहरण सोडवताना मुलं अंतराच्या जागी ४०० लिहितात. अंतर मोजायचं पृथ्वीच्या केंद्रापासून: ६४०० अधिक ४००.

कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये ‘गुरुत्वीय स्थिरांक (सूत्रातला G) काढला’ असं सरसकट सांगितलं जातं. त्याला हवी होती पृथ्वीची घनता, आणि ती त्याने पाण्याच्या ५.४८ पट दिली. स्थिरांकाची किंमत त्या मोजमापांवरून पुढे काढली गेली.

भास्कराचार्यांच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. कुणी त्यांचं नावच घेत नाही, तर कुणी न्यूटनचा नियम त्यांनीच आधी शोधला असं ठोकून देतो. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त, गोलाध्यायात, ते म्हणतात की पृथ्वीत आकर्षणशक्ती आहे आणि आकाशातल्या जड वस्तूंना ती आपल्याकडे ओढते. अंतराच्या वर्गाचं प्रमाण तिथे नाही, प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते हेही नाही. त्यांचं आणि न्यूटनचं, दोन्ही विधानं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि काय वाढलं ते मुलांना शोधू दे.