चेंडूचा वेग फ्रेमवर नको, सेकंदावर बांधा

गेममधला चेंडू दर फ्रेमला (म्हणजे स्क्रीनवर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला) ५ पिक्सेल सरकवला, की ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या स्क्रीनवर तो सेकंदाला ३०० पिक्सेल जातो. तोच प्रोग्राम १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर चालवा, थेट ७२०! ४.७७ मेगाहर्ट्झ प्रोसेसरच्या आयबीएम पीसीसाठी लिहिलेले कित्येक गेम पुढच्या, जास्त वेगवान मशीनवर असेच सुसाट सुटायचे. मशीनला हळू करायला कॅबिनेटवर ‘टर्बो’ बटण असायचं (नाव सोनूबाई!).

उपाय सोपा आहे. मागच्या फ्रेमपासून किती सेकंद गेले ते मोजा आणि ३०० ला त्याने गुणा. चेंडू तेवढाच सरकवा. फक्त त्यासाठी तारीख-वेळेचं घड्याळ वापरू नका. ते इंटरनेटवरून मध्येच दुरुस्त होतं आणि फरक चक्क उणे येऊ शकतो. पायथनमध्ये टाइम मॉड्यूलमधला परफ काउंटर (perf_counter) घ्या, तो मागे जात नाही.

प्रोग्राम दोन सेकंद अडकला तर चेंडू एकाच उडीत भिंतीपलीकडे जातो, म्हणून फरकाला ०.१ सेकंदाची कमाल मर्यादा घाला. गुरुत्वाकर्षण, टकरा असतील तर दर फ्रेमला गेलेला वेळ साठवत जा आणि तो १/६० सेकंदाच्या ठरावीक तुकड्यांत खर्च करा. उरलेला पुढच्या फ्रेमला जोडा. माझ्या मते हे सुरुवातीलाच करावं, नंतर घुसवताना जीव जातो.